आडवा वारा आणि लहान विमान

विमानविद्येच्या इतिहासात पराक्रमाच्या कथा विपुल आहेत. समुद्र ओलांडणारे, पर्वतांवरून जाणारे, एकट्याने खंड पार करणारे वैमानिक लोकांना ठाऊक असतात. आज आम्ही ज्या विषयाविषयी बोलणार आहोत तो त्यामानाने अगदी लहान आहे. एक हलके विमान, त्यात एक शिकाऊ माणूस, समोर धावपट्टी आणि कडेने वाहणारा वारा, एवढीच त्याची सामग्री. सारा खेळ पंधरा-वीस सेकंदांचा. पण ह्या पंधरा-वीस सेकंदांत आजवर किती विमाने उलथली आणि किती तरुण माणसे जायबंदी झाली, ह्याकडे पाहिले म्हणजे विषय वाटतो तितका लहान राहत नाही.

नावडे, तळोजे, पनवेल ह्या भागातील माणसांना तर तो आता परकाही राहिलेला नाही. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी हवाई दलाचे सी-२९५ विमान नवी मुंबईच्या नव्या धावपट्टीवर उतरले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी ह्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून उतारूंची वाहतूक सुरू झाली. आपल्या घरापासून काही मैलांवर ३,७०० मीटर लांबीची एक सरळ रेघ जमिनीवर उमटली आहे. ती रेघ पूर्व-पश्चिमच का आहे? दक्षिणोत्तर का नाही? ह्या प्रश्नाचा माग काढीत गेले की आपण अखेर वाऱ्यापाशी येऊन पोहोचतो. म्हणून आरंभ वाऱ्यापासूनच करू.

आपल्या खाडीतील कोळ्याला वारा शिकवावा लागत नाही. रात्री व पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा होडी बाहेर नेतो; दुपारी समुद्रावरून येणारा खारा वारा तिला परत आणतो. वारा कडेने आला तरी शिडाच्या होडीचे फारसे बिघडत नाही. शीड तिरके लावावे, सुकाणू धरावे, होडी आपली वाट काढते. ह्याचे कारण असे की होडीचा तळ पाण्यात रुतलेला असतो आणि पाणी तिला कडेला सरकू देत नाही. विमानाची गोष्ट निराळी. एकदा ते हवेत गेले म्हणजे त्याच्याखाली धरून ठेवणारे काहीच नाही. हवा सरकेल तसे तेही सरकते. उंचावर ह्याची भीती नसते, कारण तेथे आपटायला काही नसते. अडचण आहे ती सीमारेषेवर. विमान धड जमिनीवरचे राहिलेले नाही आणि धड हवेतले झालेले नाही, अशा क्षणी चाके त्याला एका दिशेने धरू पाहतात आणि वारा दुसऱ्या दिशेने ढकलू पाहतो. त्या ओढाताणीत अपघात घडतात.

समोरचा वारा मात्र वैमानिकाचा मित्र आहे. विमान उचलते ते पंखांवरून वाहणाऱ्या हवेमुळे. जमिनीवरच्या वेगाशी पंखांना कर्तव्य नाही. ज्या विमानाला उठण्यास पन्नास नॉट वेगाची हवा लागते, त्याला पंधरा नॉटचा वारा समोरून मिळाला तर जमिनीवर पस्तीस नॉटचाच वेग पुरतो. धाव कमी होते, चाकांवरचा ताण कमी होतो, वेळ वाचतो. हे तत्त्व राईट बंधूंना पुरते ठाऊक होते. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकच्या वाळूत त्यांनी आपल्या यंत्रासाठी साठ फुटांचा रूळ मांडला तो थेट वाऱ्याच्या तोंडावर. त्या दिवशी वारा ताशी वीस मैलांहून अधिक होता. पहिले उड्डाण बारा सेकंदांचे आणि १२० फुटांचे झाले. चौथे एकोणसाठ सेकंदांचे व ८५२ फुटांचे. त्यानंतर काय घडले हे पुष्कळांना माहीत नसते. यंत्र जमिनीवर उभे असता वाऱ्याचा एक झोत आला, त्याने ते उचलले आणि उलथेपालथे केले. धरायला गेलेला एक मदतनीस त्यातच गुरफटला. सुदैवाने खरचटण्यावर निभावले. यंत्र मात्र पुन्हा उडाले नाही. विमानयुगाच्या पहिल्याच दिवशी वाऱ्याने आपली दोन्ही रूपे दाखविली होती. समोरून आला तेव्हा त्याने उचलले, आणि वैमानिकाचा ताबा नसताना आला तेव्हा मोडून टाकले.

ह्यानंतरची पंचवीस-तीस वर्षे विमानतळ म्हणजे धावपट्टी नव्हे, तर मैदान होते. फेब्रुवारी १९११ मध्ये अलाहाबादहून नैनीला जगातील पहिली सरकारी विमानटपाल गेली, तेव्हा हेन्री पेके ह्या फ्रेंच वैमानिकाने उड्डाण केले ते पोलो खेळण्याच्या मैदानावरून. त्या काळची चांगली विमानमैदाने चोहोकडून सारखी, शक्य तर गोलसर असत. एका काठीला कापडी नळी टांगलेली असे. वारा जिकडून येई तिकडे वैमानिक विमानाचे नाक फिरवी आणि धावू लागे. आडवा वारा हा प्रश्नच मुळी उद्भवत नसे, कारण दिशा माणसाने ठरविलेली नव्हती. ती रोज वारा ठरवीत असे. वाऱ्यापुढे माणूस वाकत असे आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नसे.

आपल्याकडे हा काळ जुहूच्या रूपाने अवतरला. १९२८ साली तेथे मुंबई फ्लाइंग क्लबच्या आश्रयाने उड्डाणे सुरू झाली. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जहांगीर रतनजी दादाभाई टाटा ह्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना होय. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणली ती एका इंजिनाच्या पस मॉथ विमानातून, आणि उतरले ते जुहूलाच. तेथून मद्रासपर्यंतचा टप्पा बल्लारीमार्गे नेव्हिल व्हिन्सेंट ह्यांनी पुरा केला. जुहूचे तेव्हाचे रूप म्हणजे समुद्रकाठची एक चिखलट सपाटी. पावसाळ्यात भरतीच्या वेळी मैदान समुद्राच्या पातळीखाली जाई. म्हणून पावसाळ्यापुरते सारे बिऱ्हाड पुण्याला हलवावे लागे आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावरून टपालविमाने सुटत. ना रेडिओ, ना दिवे, ना हवेचा अंदाज कळविणारे कोणी. परंतु एक गोष्ट त्या मैदानांपाशी होती, जी आजच्या सिमेंटच्या धावपट्टीपाशी नाही. तेथे वाऱ्याकडे तोंड करण्याची मोकळीक होती.

ती मोकळीक किती मोलाची होती हे समजण्यासाठी त्या वेळच्या विमानाची ठेवण पाहिली पाहिजे. १९२५ साली इंग्लंडात जेफ्री डी हॅविलंड ह्यांनी मॉथ हे दोन बैठकींचे हलके विमान उडविले आणि जगभर उड्डाणसंघांची लाट आली. त्याचेच पुढचे भावंड टायगर मॉथ १९३१ साली निघाले. ह्या विमानांना पुढे दोन मोठी चाके आणि शेपटाखाली एक घसरती पट्टी असे. चाकांना ब्रेक नसत. विमानाचे वजन ज्या बिंदूवर तोललेले असते तो बिंदू ह्या ठेवणीत मुख्य चाकांच्या मागे येतो. हातगाडी ओढताना ती मुकाट मागे येते. पण तीच मागून ढकलू लागले की थोडीशी तिरपी झाली तर आणखीच तिरपी होऊ पाहते. शेपूटचाकी विमानाची प्रकृती ह्या ढकललेल्या गाडीसारखी आहे. त्यात भर म्हणजे उभे शेपूट. वारा कडेने आला की तो शेपटाला ढकलतो आणि नाक वाऱ्याकडे वळते, जसा देवळाच्या किंवा बंगल्याच्या शिखरावरचा वातकुक्कुट वळावा तसे. एकदा विमान असे वळू लागले की मागचे वजन त्याला आणखी फिरवते, बाहेरच्या बाजूचे चाक मोडते, पंख जमिनीला घासतो, आणि क्षणार्धात विमान स्वतःभोवती गिरकी घेऊन बसते. वैमानिकांच्या भाषेत ह्याला ‘ग्राउंड लूप’ म्हणतात. आपण त्याला जमिनीवरची गिरकी म्हणू.

ह्या गिरकीने मोठमोठ्यांनाही सोडलेले नाही. २० मार्च १९३७ रोजी हवाई बेटांतील ल्यूक फील्डवरून अमेलिया इअरहार्ट ह्यांनी पृथ्वीप्रदक्षिणेच्या दुसऱ्या टप्प्यासाठी धाव घेतली. विमान दोन इंजिनांचे, शेपूटचाकी, आणि इंधनाने जड झालेले. धावता धावता ते भरकटले, गिरकी घेऊन बसले, चाकांचा सांगाडा मोडला. कोणी टायर फुटल्याचे कारण सांगितले, कोणी दोन इंजिनांची शक्ती सारखी न राहिल्याचे. गिरकीची जात मात्र तीच. विमान जहाजातून अमेरिकेला दुरुस्तीस गेले. मधल्या दोन महिन्यांत ऋतू पालटला, वाऱ्यांची व हवामानाची घडी बदलली, म्हणून प्रदक्षिणेची दिशाही उलटी करण्यात आली. तीच ती यात्रा, जी जूनमध्ये कराची व कलकत्ता येथून गेली आणि २ जुलै १९३७ रोजी प्रशांत महासागरात कायमची हरवली. त्या पहिल्या गिरकीत कोणालाही इजा झाली नव्हती. तरीही धावेच्या काही सेकंदांनी साऱ्या प्रवासाचा नकाशा बदलला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मग धावपट्टी आली. विमाने जड झाली, गवताची मैदाने त्यांच्या चाकांखाली खचू लागली आणि पक्की वाट बांधणे भाग पडले. पक्की वाट म्हणजे ठरलेली दिशा. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी जे बाँबफेकी विमानांचे तळ बांधले, त्यांत मोठी चतुराई होती. तीन धावपट्ट्या, एकमेकींशी साठ अंशांचा कोन करणाऱ्या. प्रत्येक पट्टी दोन्ही टोकांकडून वापरता येते, म्हणजे दिशा सहा झाल्या. वारा कोठूनही येवो, तो कोणत्या तरी एका पट्टीपासून तीस अंशांपेक्षा अधिक ढळलेला नसे. आता तीस अंशांवरून येणाऱ्या वाऱ्याचा आडवा भाग त्याच्या वेगाच्या बरोबर निम्मा असतो. पंचेचाळीस अंशांवर तो सुमारे सात-दशांश होतो, साठ अंशांवर जवळजवळ नऊ-दशांश, आणि नव्वद अंशांवर सगळाच्या सगळा. म्हणजे तीन पट्ट्यांच्या तळावर सर्वांत वाईट दिवशीही वैमानिकाच्या वाट्याला अर्धाच आडवा वारा येई. शाळेत शिकलेल्या त्रिकोणमितीने किती जीव वाचविले असतील!

युद्ध संपले आणि ही रचना महाग वाटू लागली. जेट विमानांना फार लांब पट्टी लागते; तीन लांब पट्ट्यांना जागा कोठून आणावी आणि पैसा कोठून? शिवाय विमानांची ठेवणही बदलत होती. तिसरे चाक शेपटाखालून काढून नाकाखाली गेले. त्यामुळे तोलाचा बिंदू मुख्य चाकांच्या पुढे आला आणि विमान ओढलेल्या गाडीसारखे सरळ चालू लागले. गिरकीचा धाक ओसरला. तेव्हा एकच लांब पट्टी बांधावी आणि आडवा वारा वैमानिकाने सांभाळावा, असा संकेत रूढ झाला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे मार्गदर्शन असे आहे की धावपट्टीची दिशा अशी निवडावी, की वर्षातील निदान ९५ टक्के वेळ आडव्या वाऱ्यामुळे ती बंद ठेवावी लागू नये. १,५०० मीटर व त्याहून लांब पट्टीसाठी हा आडवा वारा वीस नॉट धरतात, १,२०० ते १,५०० मीटरसाठी तेरा नॉट, आणि त्याहून आखूड पट्टीसाठी दहा नॉट. ह्या आकड्यांत एक सत्य दडलेले आहे. मोठ्या विमानाला जो वारा सोसतो तो लहानाला सोसत नाही, हे शास्त्राने मान्य केले आहे. परंतु लहान विमान जेव्हा मोठ्यांसाठी आखलेल्या पट्टीवर येते, तेव्हा त्याला मोठ्यांच्या हिशेबाने जगावे लागते. आणि ह्या लहान विमानात बहुधा बसलेला असतो तो सर्वांत कमी अनुभवाचा वैमानिक.

ह्या ठिकाणी एका महाराष्ट्रीय नावाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. कोल्हापूरकडील हासूर गावात १९०८ साली जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत गटिंगेनला गेले आणि वायुगतिशास्त्राचे आद्य आचार्य लुडविग प्रांट्ल ह्यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. पुढे बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांसाठीचे विमान तयार झाले. ऑगस्ट १९५१ मध्ये ते प्रथम उडाले. त्यानंतर सप्टेंबर १९५८ मध्ये उडाले ते ‘पुष्पक’, देशातील उड्डाणसंघांसाठी बांधलेले दोन बैठकींचे, नव्वद अश्वशक्तीचे हलके विमान. ही दोन्ही विमाने शेपूटचाकी होती. स्वतंत्र भारतातील वैमानिकांची एक अख्खी पिढी अशा विमानांवर घडली. शेपूटचाकी विमान शिकणाऱ्याच्या पायांना झोपू देत नाही. सुकाणू पायांनी चालवायचे असते. पाय क्षणभर सुस्तावले की विमान लगेच जाब विचारते. पुढे नाकचाकी विमाने आली. बंगलोरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेचे १९९३ साली उडालेले ‘हंसा’ हेही त्यांपैकीच. शिकणे सोपे झाले, अपघात सौम्य झाले, हे खरे. पण वारा सोपा झाला नाही. पायांची सवय मोडली आणि वारा तसाच राहिला.

आता प्रत्यक्ष अपघात कसा घडतो ते पाहू. ह्या अपघातांचे ढोबळपणे तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार धावेच्या आरंभी घडतो. विमान हळू असते, सुकाणूवरून पुरेशी हवा वाहत नसते, म्हणून त्याला जोर नसतो. त्याच वेळी इंजिन पुऱ्या शक्तीवर असते आणि पंख्याच्या फिरण्याने विमान एका बाजूला ओढले जाते. बहुतेक अमेरिकी इंजिनांत ही ओढ डावीकडे असते. मॉथच्या जिप्सी इंजिनात पंखा उलटा फिरे, म्हणून ती उजवीकडे असे. वाराही त्याच बाजूने आला की दोन्ही ओढी एकत्र येतात. वैमानिक पाय दाबतो तोवर विमान पट्टीच्या कडेच्या गवतात गेलेले असते.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. कडेच्या वाऱ्याने वाऱ्याकडचा पंख वर उचलला जातो. हे होऊ नये म्हणून पंखांच्या मागच्या कडेला असलेल्या हलत्या झडपा, ज्यांना एलेरॉन म्हणतात, त्या वाऱ्याच्या बाजूला वळवून धरायच्या असतात. आरंभी पुऱ्या, आणि वेग वाढेल तशा कमी कमी. शिकाऊ माणूस हे विसरतो. पंख उचलतो, विमान एका चाकावर नाचते आणि पुरेसा वेग नसतानाच जमीन सोडते. आता ते हवेत आहे, पण टिकण्याइतके नाही. बारा नॉटचा आडवा वारा असेल तर ते दर सेकंदाला सहा मीटर कडेला सरकते. तशाच सरकत्या स्थितीत ते पुन्हा जमिनीवर टेकते. चाके सरळ धावण्यासाठी बनविलेली असतात. ती आडवी घासली की सांगाडा मोडतो आणि विमान उलटते. म्हणून जाणते शिक्षक सांगतात की आडव्या वाऱ्यात विमान नेहमीपेक्षा किंचित अधिक वेळ जमिनीवर दाबून धरावे, आणि मग एकदाच, निःशंकपणे उचलावे. उचलल्यावर नाक हलकेच वाऱ्याकडे वळू द्यावे आणि पंख सपाट ठेवावेत. पन्नास नॉटने उडणाऱ्या विमानाला बारा नॉटच्या आडव्या वाऱ्यात सरळ रेषेत जाण्यासाठी नाक सुमारे चौदा अंश वळवावे लागते. खालून पाहणाऱ्यास विमान खेकड्यासारखे तिरके जाताना दिसते. जाते मात्र सरळ.

तिसरा प्रकार सर्वांत घातक. विमान उठलेले आहे, शेदोनशे फुटांवर आहे, आणि तेथे वारा झटके देत आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. दहाचे वीस नॉट झाले की दाब चौपट होतो. हँगर, झाडी, टेकडी ह्यांच्या आडोशाने हवेत भोवरे उठतात. अशात वैमानिक वळण घेतो आणि वारा पाठीशी येतो. जमीन भराभर मागे जाताना दिसते, म्हणून त्याला वाटते वेग भरपूर आहे. पंखांवरची हवा मात्र तितकी वेगवान नसते. तो नाक वर ओढतो, पंख उचलण्याचे सोडून देतात आणि विमान दगडासारखे खाली येते. एवढ्या उंचीवरून सावरायला अवकाश नसतो.

११ एप्रिल १९९६ रोजी अमेरिकेतील शायएन गावी ह्याच जातीचा एक अपघात घडला आणि साऱ्या जगाला चटका लावून गेला. जेसिका डुब्रॉफ ही सात वर्षांची मुलगी विमान चालवीत देश पार करणार, असा गाजावाजा झाला होता. सोबत वडील आणि उड्डाणशिक्षक. विमान चार बैठकींचे सेसना. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६,१५० फूट उंच, म्हणजे हवा विरळ. विमानात मर्यादेपेक्षा अधिक वजन. वादळ येऊन ठेपलेले, पाऊस सुरू झालेला, वारा तिरका आणि झटक्यांचा. तरी त्यांनी उड्डाण केले आणि थोड्याच वेळात तिघेही गेले. चौकशी मंडळाने ठपका ठेवला तो बिघडत्या हवेत निघण्याच्या निर्णयावर आणि वेग न राखल्यामुळे पंखांनी साथ सोडण्यावर. आणखी एक कारण त्यांनी नमूद केले, ते आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. वेळापत्रक गाठण्याची ओढ, आणि ती ओढ काही अंशी वृत्तपत्रांना व दूरचित्रवाणीला दिलेल्या शब्दामुळे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अशा विक्रमांना आळा घालणारा कायदा अमेरिकेने केला.

विमानाच्या पुस्तिकेत आडव्या वाऱ्याचा एक आकडा दिलेला असतो. पुष्कळ शिकाऊ वैमानिक ज्यावर शिकले त्या सेसना १५२ साठी तो बारा नॉट आहे, सेसना १७२ साठी पंधरा. ह्या आकड्याविषयी मोठा गैरसमज आहे. ती यंत्राची कमाल मर्यादा नव्हे; चाचणीच्या वेळी एका कसलेल्या वैमानिकाने तेवढ्या वाऱ्यात विमान सांभाळून दाखविले, एवढाच त्याचा अर्थ. कायद्याची अपेक्षा तर त्याहून माफक आहे. ज्या किमान वेगाला विमान हवेत टिकते, त्याच्या एक-पंचमांश इतक्या आडव्या वाऱ्यात ते ताब्यात राहिले म्हणजे झाले. तेव्हा बारा हा आकडा शिकाऊ माणसाला दिलेली हमी नाही. त्याचा स्वतःचा आकडा पाच असू शकेल, सात असू शकेल. तो त्याने आणि त्याच्या शिक्षकाने प्रामाणिकपणे ठरवावा लागतो, आणि कडक उन्हाच्या वा झटक्यांच्या दिवशी आणखी खाली आणावा लागतो.

आता आपल्या कोकणपट्टीकडे वळू. धावपट्टीच्या टोकाला जो आकडा रंगविलेला असतो तो होकायंत्रावरील दिशेचा दहावा भाग होय. नवी मुंबईची पट्टी ०८-२६ आहे, म्हणजे एकीकडे ८० अंश, दुसरीकडे २६० अंश. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा व नैर्ऋत्येचा. पश्चिमेकडे तोंड केलेल्या विमानाला तो जवळपास समोरून येतो. पट्टी पूर्व-पश्चिम असण्यामागे वाऱ्याचा हा हिशेब आहे. पण उन्हाळ्यातील एखाद्या दुपारी वारा वायव्येचा झाला म्हणजे तो ह्या पट्टीशी पंचावन्न अंशांचा कोन करतो. पंधरा नॉटच्या वाऱ्याचा आडवा भाग मग बारा नॉटच्या वर जातो. मोठ्या जेट विमानाला त्याचे काहीच वाटणार नाही. सेसना १५२ चा आकडा मात्र तेथेच संपला. जुहूला हीच अडचण ओळखून ०८-२६ ला छेदणारी १६-३४ अशी दुसरी पट्टी आखलेली होती. तिच्यावर तोच वायव्येचा वारा पंचवीस अंशांवर येतो आणि आडवा भाग सहा नॉटांवर उतरतो. सांताक्रूझलाही ०९-२७ व १४-३२ अशा दोन छेदणाऱ्या पट्ट्या आहेत. नवी मुंबईच्या आराखड्यात दोन पट्ट्या आहेत, परंतु त्या समांतर. समांतर पट्ट्यांनी विमानांची संख्या वाढते. वाऱ्याची नवी दिशा मिळत नाही.

धावपट्टीची दिशा ही केवळ वैमानिकांची बाब नाही, हे आपल्या तालुक्याइतके कोणाला ठाऊक असणार? एकदा रेघ आखली की तिच्या वाटेत जे येईल ते हलते. उलव्याची सुमारे नव्वद मीटर उंचीची टेकडी फोडून सपाट केली गेली. उलवे नदीचा प्रवाह वळविला गेला. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी अशा दहा वस्त्यांतील माणसांनी पिढ्यान्‌पिढ्यांची घरे आणि शेते सोडली. वारा हे त्याचे एकमेव कारण नव्हे. जागा, शेजारच्या मुंबईची हवाई वाट, अर्थकारण, अशी अनेक कारणे त्यात मिसळलेली आहेत. पण विमान सुखरूप उठावे म्हणून रेघ जशी हवी तशी सरळ आखण्यासाठी ज्यांनी आपले अंगण दिले, त्यांचा ह्या विषयाशी संबंध आहे. त्या पट्टीवरून जी सुरक्षितता विकत घेतली गेली, तिच्या किमतीत त्यांचाही वाटा आहे. म्हणून त्या सुरक्षिततेविषयी विचारण्याचा अधिकारही त्यांना आहे, असे आम्ही मानतो.

महाराष्ट्रात आज बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया अशा ठिकाणी तरुण मुलेमुली उड्डाण शिकत आहेत. नव्या विमानतळाच्या सान्निध्यात वाढणारी आपली मुले उद्या त्या वाटेला जातील, आणि जावीत. त्यांच्या शिक्षणासाठी घरचे लोक मोठे कर्ज काढतात. उड्डाणाचा एकेक तास पैशांत मोजला जातो. अशा वेळी ‘आज वारा आडवा आहे, आज उडत नाही’ असे म्हणणे किती जड जात असेल ह्याची कल्पना करावी. पुढचा विद्यार्थी रांगेत उभा असतो, शिक्षकाचे घड्याळ चालू असते, सोबती उडून आलेले असतात. आडव्या वाऱ्यातील अपघाताची मुळे धावपट्टीवर शोधण्यापेक्षा ह्या क्षणात शोधावीत. वारा लपून येत नाही. कापडी नळी तो दाखविते, मनोऱ्यावरून तो आकड्यांत सांगितला जातो, गवतही तो सांगते. पुष्कळदा माहिती कमी पडत नाही. थांबण्याचे बळ कमी पडते.

जुहूच्या मैदानावर वैमानिक वाऱ्याकडे तोंड फिरवी. आज धावपट्टी वळविता येत नाही. ती सिमेंटची आहे आणि तिच्यासाठी टेकड्या फोडल्या गेल्या आहेत. वळविता येते ते वेळापत्रक. सकाळचा मंद मतलई वारा असताना शिकाऊ मुलांनी उडावे, दुपारचा खारा वारा सुटल्यावर वर्गात बसावे. जेथे जागा आहे तेथे लहान विमानांसाठी एखादी आखूड आडवी पट्टी राखावी. आणि न उडण्याचा निर्णय घेणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षकाने, संस्थेने व घरच्यांनी शाबासकी द्यावी. ह्यांतील पहिल्या व तिसऱ्या गोष्टीला तर पैसाही लागत नाही. आपल्या मुलामुलींपैकी कोणी वैमानिक होण्यासाठी निघाले, तर त्यांच्या पहिल्या एकट्या उड्डाणाची तारीख विचारण्याआधी आपण त्यांना एवढेच विचारावे की वाऱ्यामुळे परत फिरलास असा दिवस आजवर आला का, आणि तेव्हा तुला कोणी हसले तर नाही ना?